अठरा गुंठे, सव्वा आणा

बारा इंचांचा फूट खरोखरच बारा इंचांचा असतो, यावर ज्याचा उभ्या आयुष्यात कधी विश्वास बसला नाही असा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. दुकानातली फूटपट्टी, शिंप्याची टेप, दूधवाल्याचं माप, रस्त्याकडेचा मैलाचा दगड ही सगळी मंडळी कोणाला तरी फसवण्यासाठीच जन्माला आली आहेत, असं मामांचं ठाम मत होतं. फसवतात की नाही हा प्रश्न त्यांच्या लेखी उरलेलाच नव्हता. किती फसवतात, एवढाच होता, आणि तो ते स्वतः मोजून सोडवत.

आमची पहिली भेट अशी: मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, औरंगाबादेत औरंगपुऱ्यातलं हिचं माहेर, लग्नाच्या याद्यांचा दिवस. हजर माणसं नऊ, म्हणजे आमच्याकडची चार, त्यांच्याकडची चार आणि भटजी. वादाची रक्कम दीड इंच. झालं होतं असं, की आमच्या वडिलांनी पत्रात माझी उंची पाच फूट सात इंच कळवली होती. मानपान, आहेर, जेवणावळी सगळं ठरलं, सुपारी फुटणार एवढ्यात कोपऱ्यात बसलेले एक ठेंगणे, किडकिडीत गृहस्थ उठले आणि मला म्हणाले, "जावईबापू, जरा चौकटीला पाठ लावून उभं राहता का?" मला वाटलं, फोटो काढायचा असेल. मी उभा राहिलो. त्यांनी माझ्या डोक्यावर पंचांग आडवं धरलं, चौकटीवर नखानं खूण केली, छत्रीच्या पिशवीतून एक बांबूची काठी काढली, आणि दोनदा मोजून जाहीर केलं, "पाच फूट साडेपाच. दीड इंचाचा फर्क आहे."

आमचे वडील चिडले. "अहो, आम्ही सोयरीक करायला आलोय, पोराला पोलिसात भरती करायला नव्हे."

"पोलिसात दीड इंच एखादवेळेस चालंल," मामा शांतपणे म्हणाले. "इथं पोरगी द्यायची आहे. अंगातला दीड इंच वाढवून सांगणारा माणूस बांधाला काय करत असंल, याचा इचार करतोय मी."

शेवटी मी स्वतःच कबूल केलं की शाळेत मोजलं तेव्हा पायात बूट होते. मामांचा चेहरा उजळला. चोर कबूल झाला की फौजदाराचा उजळतो तसा. यादीत त्यांनी एक ओळ वाढवून घेतली: "वराची उंची पाच फूट साडेपाच इंच, प्रत्यक्ष पाहणीअंती." खाली दोन्ही व्याह्यांच्या सह्या आहेत आणि साक्षीला मामांची. ती यादी अजून आमच्या ट्रंकेत आहे आणि संसारात वादाचा प्रसंग आला की ही ती काढून दाखवते.

मामा मोजणीदार होते. निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकले, आणि पोलीस ॲक्शननंतर नव्या सरकारात नोकरीला लागले. त्यामुळे जमिनीच्या मोजणीला ते कधी पैमाइश म्हणत, कधी मोजणी, आणि संशयाला मात्र कायम शक. "मला शक आहे" हे त्यांचं वाक्य दिवसातून वीस वेळा कानावर पडे. मी बांधकाम खात्यात हिशेबनीस, आकड्याचं काम माझंही. आणि खरं सांगायचं तर शंकेखोर मीही कमी नाही. पण मी रकमेवर शंका घेतो, मामा रकमेच्या आधी येणाऱ्या मापावर घेत. माझ्या शंकेला बेरीज जुळली की विसावा मिळतो. मामांच्या शंकेला विसावा ठाऊक नव्हता. बेरीज जुळली की ते म्हणत, "जुळली? मग मिळवलेली असंल."

एकदा दिवाळीला ते हिच्यासाठी लुगडं घ्यायला मला घेऊन गुलमंडीवर गेले. दुकानदारानं नऊवारी समोर टाकली. मामा म्हणाले, "नऊ वार म्हणता, पण वार कुणाचा?" दुकानदारानं गजाची लोखंडी पट्टी दाखवली. मामांनी ती पट्टी स्वतःच्या काठीला लावून पाहिली, मग गादीवर बैठक मारून अख्खं लुगडं उलगडून मोजलं. गिऱ्हाइकं खोळंबली. लुगडं भरलं नऊ वार दोन इंच. दुकानदार विजयी मुद्रेनं म्हणाला, "घ्या, जास्तच निघालं." मामांनी लुगडं हळूच बाजूला सारलं आणि जोड्यात पाय घातले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "कमी देणाऱ्याचं मला समजतं, जावईबापू. पोटासाठी करतो. पण दोन इंच जास्त? कोण देतो, अन् का देतो?" त्या दिवाळीला हिला लुगडं मिळालं नाही.

जुन्या मापांवर ते बोलू लागले की मात्र तास कसा जाई कळत नसे. आपल्याकडं पूर्वी रान मोजायचे काठीनं. काठी म्हणजे पाच हात आणि पाच मुठी. अशा वीस काठ्या लांब आणि एक काठी रुंद म्हणजे एक पांड, वीस पांड म्हणजे एक बिघा, आणि बिघ्यांच्या वर चावर. हे ते पाढ्यासारखं म्हणत आणि मग आवाज खाली आणून विचारत, "आता सांगा, पाच हात कुणाचे?" कारण सगळी गंमत तिथंच होती. जमीन घेणारा आपल्याकडचा सगळ्यात उंच माणूस घेऊन यायचा, देणारा आपल्याकडचा सगळ्यात बुटका, आणि काठी कुणाच्या हातानं तोडायची यावरच दोन-दोन दिवस पंचायत बसायची. काही ठिकाणी रान बियाण्यानं मोजत, दोन पायली पेरणीचं रान, तीन पायलीचं. त्यावर मामा म्हणत, "पेरणाऱ्याची मूठ ढिली असली की एकराचं दीड एकर." कुठं एका दिवसाच्या नांगरटीचं रान. "बैल कुणाचे? खाऊन आलेले का उपाशी?" कुठं अंतर सांगायचं तर विडी संपेपर्यंतची वाट. मामांनी म्हणे तरुणपणी एका गावात तीन माणसांना तीन विड्या देऊन एकाच वाटेनं चालायला लावलं होतं, आणि तिसरा माणूस विडी पेटवून निघाला तो शेजारच्या शिवारात जाऊन थांबला.

मग मीटर आले. सरकारी माणसं समजावून सांगत होती, आता सगळा देश एका मापात. मामांना मी उत्साहानं मीटरची टेप दाखवली. त्यांनी ती दोन बोटांत, मेलेल्या पालीसारखी धरली. "हात कुणाचा आहे?"

म्हटलं, "कुणाचाच नाही, मामा. तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे."

"मग चोरी झाली तर धरायचं कुणाला?" त्यांनी टेप परत दिली. "काठीत खोट निघाली तर हातवाल्याच्या घरी जाता येतं. याचं घर कुठं आहे?"

नोकरीत त्यांचे तीन नियम होते आणि त्यापायी त्यांच्या हाताखालची माणसं त्यांना मनातून शिव्या घालत. पहिला, मोजणीच्या दिवशी वादातल्या कोणत्याही पक्षाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. त्यांच्या खांद्याला स्वतःची पाण्याची पखाल असे आणि साखळी ओढणाऱ्यांनाही त्यातलंच पाणी. "ज्याच्या घरची पुरणपोळी, त्याच्याकडं साखळी ढिली," असं ते म्हणत. दुसरा नियम, रोज सकाळी साखळी रॉकेलनं पुसून तिची एकेक कडी मोजायची. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे पाडलेले. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, त्याचेही सोळा आणे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. हे सगळं त्या कड्यांवर उभं, म्हणून कड्यांवर पहिला शक. आणि तिसरा नियम सगळ्यांत विचित्र: आधी रान मोजायचं, मग कागद पाहायचा. जुनं टिपण, म्हणजे पूर्वीच्या मोजणीचा नकाशा आणि आकडे, मोजणी संपेपर्यंत ते उलगडू देत नसत. "कागद आधी पाहिला की डोळे कागदाचं ऐकतात. रानाचं ऐकत नायत."

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी त्यांना आमच्या रानावर बोलावलं.

चितेगावच्या पलीकडं, पैठण रस्त्यावरून आत, एका जुन्या जहागिरीच्या गावात आमचं वडिलोपार्जित चार एकर तीस गुंठे रान आहे. त्याला लागून कडुबाचं साडेतीन एकर. दोघांच्या मध्ये बांध. आमच्या वडिलांचं आणि कडुबाच्या वडिलांचं बोलणं मी कळता झाल्यापासून बंद होतं. कारण विचारलं की वडील म्हणत, "बांध सरकवलाय त्यानं." माझ्या बहिणीच्या लग्नाला बांधापलीकडं अक्षत गेली नाही, आणि त्यांच्या घरी माणूस गेलं तेव्हा आमच्या घरातून कोणी उठलं नाही. वडील गेल्यावर मी एक सुट्टी खर्चून फितीनं रान मोजलं. साडेदहा गुंठे कमी. मी दोनदा मोजलं, कागदावर गुणाकार तीनदा केला. वडील खरं बोलत होते. दरवर्षी नांगराचं एकेक तास बांधात घालत, इकडचं रान तिकडं गेलं होतं.

त्यातच कडुबा विहीर खणू लागला. बांधापासून बारा फुटांवर, त्याच्या बाजूला. साडेदहा गुंठे म्हणजे आमच्या रानाच्या लांबीनं बावीस फुटांची पट्टी होते. म्हणजे बांध मूळ जागी गेला तर विहीर माझ्या हद्दीत येत होती. दोन उन्हाळे कडुबा आणि त्याचा मेव्हणा खणत होते, अठ्ठावीस हातांवर ओल लागली होती. मी वकिलाकरवी नोटीस दिली आणि काम थांबलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आकडा माझ्या बाजूचा होता, आणि आकडा आपल्या बाजूचा असला की माणसाला झोप चांगली लागते.

मामा आले ते फाल्गुनातल्या एका रविवारी, सकाळी आठला, कारण दुपारच्या उन्हात लोखंड वाढतं असं त्यांचं म्हणणं. तोवर ते सेवानिवृत्त झाले होते, पण साखळी त्यांनी स्वतःच्या पैशानं घेऊन ठेवलेली. गडी कोणी नव्हते. बांधावर कडुबा उभा होता, हाताची घडी घालून.

"तुमचे मामा व्हय, अण्णा?" त्यानं मला विचारलं. बावीस वर्षांत आमच्या दोन घरांमधलं हे बहुधा पहिलं वाक्य.

"हिचे मामा."

"मंग साखळी बी तुमचीच म्हणायची." तो मामांकडं वळला. "मामा, राग येऊ देऊ नका. पर घरच्या माणसानं घरचं रान मोजलं तर ते वाढतं, असं आमचा बाप म्हणायचा."

मला राग आला. मामांना मात्र त्याचा एवढा आनंद झाला की त्यांनी कडुबाच्या खांद्यावर हात ठेवला. "हा माणूस शाना आहे," ते मला म्हणाले. "याला शक येतो. साखळीचं पुढचं टोक यानं धरायचं, मागचं तुम्ही. अन् दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची. माझ्यावरबी."

मग आम्ही मोजलं. कडुबा पुढं, मी मागं, मामा मधून पळताहेत, साखळी जमिनीला टेकली का, ताण सारखा का, खुंटी सरळ का. कडुबा टोक ताणून धरतो असा मला संशय, मी ढिलं सोडतो असा त्याला. "अण्णा, जरा खाली घ्या की, मांडीला लावून धरलीय तुम्ही." "तू खुंटी बोटभर पुढं रोवतोस, ते नाही दिसत का?" मामा दोघांनाही दाद देत होते. "बरोबर बोलला. तोबी बरोबर बोलला." आमच्या रानाची रुंदी झाली, कडुबाच्या रानाची झाली. मग पूर्वेच्या गाडीवाटेपासून पश्चिमेच्या ओढ्यापर्यंत दोन्ही रानं सलग मोजली. मग लांबी, उत्तरेला देवस्थानच्या पडीक रानापासून दक्षिणेला रस्त्याच्या दगडापर्यंत. उन्हं चढेपर्यंत हे तीनदा झालं. मामांनी सगळे आकडे चिठ्ठीवर लिहिले आणि बाभळीखाली बसून म्हणाले, "आता कागद काढा."

मी कचेरीतून काढलेली टिपणाची नक्कल आणली होती. मी ती न पाहताच त्यांच्या हातात दिली, इतका मला माझ्या साडेदहा गुंठ्यांचा भरवसा होता.

मामांनी आधी आकडे वाचले. "लांबी कागदावर सोळा साखळ्या. भरली पंधरा साखळ्या नऊ आणे." ते थांबले. "जावईबापू, रुंदी कडुबानं खाल्ली म्हणू. लांबी कुणी खाल्ली? उत्तरेला देव आहे, दक्षिणेला सडक."

मी म्हणालो, "देवस्थानच्या पुजाऱ्यानं सरकवलं असेल."

"अन् कडुबाचंबी सरकवलं?" त्यांनी चिठ्ठी पुढं केली. कडुबाची रुंदी कागदावर आठ साखळ्या बारा आणे होती आणि जमिनीवर आठ साखळ्या आठ आणे. म्हणजे कडुबाचं रानही कमी होतं. ओढा आपल्या जागी, गाडीवाट आपल्या जागी, मध्ये दोन रानं, आणि दोन्ही कागदापेक्षा लहान.

कडुबा जवळ आला. "आमचंबी कमी हाय? आमचा बाप मरेस्तोवर म्हणायचा, अण्णाच्या बापानं आमचं सात-आठ गुंठे दाबलं म्हून. आम्ही कदी मोजलं नाय. मोजायला काय, दिसतंच हाय म्हनायचो."

"आमचे वडील असं करणारे नव्हते," मी म्हणालो.

"आमचे बी नव्हते, अण्णा."

मामांचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी नक्कल डोळ्यांजवळ नेली होती. खाली कोपऱ्यात मोजणीदाराची सही होती, नकलेत जशीच्या तशी गिरवलेली, उर्दू वळणाची, शेवटचं अक्षर झोकात वर ओढलेलं. ती सही मी आमच्या लग्नाच्या यादीवर पाहिली होती. मामांनी नक्कल गुडघ्यावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

मग ते सांगू लागले. पुढच्या बावीस वर्षांत शेकडो गावं मोजली, म्हणून ना हे रान त्यांना ओळखू आलं होतं, ना याद्यांच्या दिवशी आमचे वडील. पोलीस ॲक्शन होऊन थोडे दिवस झालेले. जहागिऱ्या सरकारात आल्या आणि त्या गावांची मोजणी घाईनं काढली. मामा छत्तीस वर्षांचे, नोकरी नवी, हाताखाली दोन माणसं, आणि तालुक्याला साखळ्या मिळून तीन. त्यांच्या वाट्याला आलेली साखळी वरच्यांनी दुसऱ्या गावाला पाठवली. आठ दिवसांत काम पुरं करा असा हुकूम. गावकऱ्यांनी सुचवलं, काठी तोडा, आपल्याकडं रान काठीनंच मोजतात. कचेरीच्या तक्त्यात काठी नऊ फूट धरलेली, तीवरून साखळीचा आकडा काढता येतो. प्रश्न आला, काठी कुणाच्या हातानं? पाटलाच्या हाताला आमच्या वडिलांचा विरोध, आमच्या चुलत्याच्या हाताला कडुबाच्या वडिलांचा. सकाळपासून दुपार झाली. तेव्हा दोघांनी मिळून तोड काढली, दोघांच्या आयुष्यातली एकमतानं काढलेली बहुधा तेवढीच, की मोजणीदार परगावचा आहे, त्याचं इथं कुणी सोयरं नाही, त्याचाच हात घ्या.

"मला लई बरं वाटलं होतं," मामा म्हणाले. "एवढी मोठाली माणसं, अन् माझ्या हातावर इस्वास."

त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. "फीत द्या." मी माझी फीत दिली, तीच, मीटरची, मागच्या बाजूला इंच असलेली. या वेळी ती कुणाची हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी कोपर जमिनीला टेकवून हात पसरला. कडुबानं फीत धरली, मी आकडा वाचला. साडेसतरा इंच.

"हात अठरा इंचांचा असतो," मामा म्हणाले. "तक्त्यात अठरा धरलेला. मी म्हटलं, माणसाचा हात म्हणजे माणसाचा हात." पाच हातांत अडीच इंच गेले होते, पाच मुठींत मिळून अर्धा. नऊ फुटांची काठी पावणेनऊ फुटांची झाली होती. तोकडी काठी जास्त वेळा बसते, म्हणून कागदावर रान मोठं झालं. मी तिथंच बाभळीखाली गुणाकार केला. लांबीत कमी, रुंदीत कमी, दोन्ही मिळून आमचे दहा गुंठे साडेसहा आणे आणि कडुबाचे सात गुंठे पावणेअकरा आणे. एकूण अठरा गुंठे सव्वा आणा. एवढं रान कधी नव्हतंच. ते कुणी चोरलं नव्हतं, कारण चोरायला ते जमिनीवर आलंच नव्हतं. बावीस वर्षं दोन घरं त्याच्यावरून एकमेकांच्या दारात गेली नव्हती.

कडुबा म्हणाला, "मंग आता हिरीचं काय, अण्णा?"

मी म्हणालो, "खण."

"नोटीस?"

"परत घेतो."

तो उभाच राहिला. मला वाटतं, त्याला अजून शंका होती. त्यानं मामांना विचारलं, "मामा, ह्यांच्याकडून कागदावर घेऊ का?"

"घे," मामा म्हणाले. "माझीबी साक्ष घाल. पर माझ्या सहीवर लई भरवसा ठेवू नको." मी लिहून दिलं. आषाढाआधी विहिरीला पाणी लागलं, आणि ती कडुबाची आहे.

मामांना वाटलं होतं की कागद दुरुस्त करून घ्यावा. त्यांनी स्वतःच्या चुकीचा स्वतःच अर्ज लिहिला. कचेरीतल्या माणसानं तो वाचून विचारलं, "क्षेत्र कमी करायला खातेदाराची संमती लागते. आपली जमीन कमी करा असं सांगणारा खातेदार तुम्ही कुठून आणणार?" मी संमती दिली, कारण हिशेब चुकीचा ठेवणं मला जमत नाही. कडुबा म्हणाला, "राहू द्या की, मामा. कागदावर हाय तर हाय. दिसायला बरं दिसतं." अर्ज पडून राहिला.

त्या आठ दिवसांत त्या काठीनं आणखी नऊ रानं मोजली गेली होती. म्हणजे सगळी मिळून अकरा. मामांनी हिशेब घातला. नसलेल्या जमिनीवर लोकांनी बावीस वर्षं सारा भरला होता, एकरी दोन रुपये, म्हणजे गुंठ्याला पाच पैसे. सारा सरकारकडं गेला होता हे खरं, पण मामांचं म्हणणं, सरकारनं हात दिला नव्हता, हात त्यांचा होता. ते पेन्शनीतून दर महिन्याला एकेका खातेदाराकडं जाऊ लागले. बेगमपुऱ्यातल्या आपल्या घरून सकाळी निघायचे, एसटीनं फाट्यावर उतरायचे, तिथून चालत. कोणी हसले, कोणी चहा दिला. एकानं त्यांना दारातून हाकलून दिलं, कारण पैसे द्यायला येणारा सरकारी माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता. त्याच्याकडं मामा तिसऱ्या खेपेला यशस्वी झाले. माझे अकरा रुपये पंचेचाळीस पैसे त्यांनी सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर माझ्या हातावर ठेवले. ही म्हणाली, "मामा, घरच्या माणसाला कसले पैसे देता?" मामा म्हणाले, "घरच्याला आधी." मी ते मोजून घेतले. न मोजता घेतले असते तर त्यांना आवडलं नसतं. कडुबानं आपले आठ रुपये चव्वेचाळीस पैसे घेतले आणि मामांदेखत दोनदा मोजले, त्यामुळं मामा त्याच्यावर फार खूश होते.

त्या वर्षानंतर मामा जरा बदलले. दूधवाल्याच्या मापाकडं पाहीनासे झाले. ही म्हणायची, मामा थकले. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, एवढी वर्षं जो माणूस ते दुसऱ्यांत शोधत होते तो त्यांना स्वतःतच सापडला होता, आणि आता त्यांना काही काम उरलं नव्हतं. काठी छत्रीच्या पिशवीत असायची, पण बाहेर कमी यायची. एकदा आमच्या धाकट्यानं विचारलं, "आजोबा, माझी उंची बघा ना." त्यांनी त्याला चौकटीला उभं केलं, खूण केली, आणि मोजायला काठी मुलाच्याच हातात दिली. मुलानं जो आकडा सांगितला तो त्यांनी ऐकून घेतला. परत मोजला नाही.

ते गेले त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. दहाव्यानंतर त्यांच्या कागदांत ती यादी निघाली. अकरा नावं, दहांपुढं बरोबरची खूण. अकरावं नाव एका म्हातारीचं, रान एक एकर अकरा गुंठे, रक्कम तीन रुपये सात पैसे, आणि पुढं मामांच्या अक्षरात: "रान विकून लेकीकडे लासूर स्टेशनला. पत्ता मिळाला. जाणे."

पुढच्या रविवारी मी गेलो. बाजारपेठेच्या मागं पत्र्याचं घर होतं, म्हातारी ओट्यावर गवार मोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. काठी, हात, अर्धा इंच, बावीस वर्षं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढ्यासाठी औरंगाबादेहून आलास? भाडंच किती झालं असंल."

म्हटलं, "झालं थोडं."

"सही कुठं घ्यायची हाय तुला? अंगठा?"

"सही नको, आजी. अंगठाही नको."

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. पिशवीत काही कागद आहे का तेही पाहिलं. मग पदर पसरला. रुपयाच्या तीन नोटा, पाच पैशांचं एक आणि दोन पैशांचं एक नाणं मी त्यात टाकलं. तिनं पदराची गाठ मारली आणि गवार मोडायला घेतली. एकूण अकरा खातेदारांना सगळी रक्कम चुकती झाली. शेवटचे तीन रुपये सात पैसे रोख, लासूर स्टेशन येथे. पावती मिळाली नाही, आणि मी मागितलीही नाही.